उपाशी सोमवार

श्रावणी सोमवारी सकाळी पाटणच्या बहुतेक घरांत साबुदाणा भिजलेला असतो. हेमलता जगदाळेच्या घरातून मात्र भाकरी थापण्याचा आवाज येत होता, आणि तो मुद्दामच जरा मोठ्यानं येत होता.

ती देवाच्या विरुद्ध होती असं नाही. देवाचं आणि तिचं बरं चाललं होतं. तिचं भांडण होतं ते ‘आज हे खायचं नाही आणि ते करायचं नाही’ असं सांगत फिरणाऱ्या माणसांशी. कुणी नको म्हटलं की नेमकं तेच करायचं, ही तिची लहानपणापासूनची खोड. गाड्या आपोआप चालायला लागल्या तेव्हा तालुक्यातली सगळी ड्रायव्हिंग स्कूलं एकामागून एक बंद पडली. हिनं आपल्या स्कूलची पाटी नव्यानं रंगवून घेतली. ‘जगदाळे मोटार ड्रायव्हिंग स्कूल. फक्त महिलांसाठी.’ लोक फिदीफिदी हसले. पण कुंभार्ली घाटात धुकं उतरलं की त्या शहाण्या गाड्यांचे डोळे मिटतात आणि त्या जागच्या जागी उभ्या राहतात. आत बाळंतीण असो नाहीतर नवरदेव असो, धुकं हटेपर्यंत हलत नाहीत. मग हातानं गाडी चालवणारं माणूस शोधत लोक कुणाच्या दारात येणार? पहिल्याच पावसाळ्यात हसणाऱ्यांचे दात घशात गेले.

भाकरी थापता येणं ही मात्र हेमलताची अलीकडची चैन होती. तीन वर्षांपूर्वी संधिवातानं तिची बोटं धरली. सकाळी उठलं की बोटं सुजून ताठ, मूठ मिटेना, गॅसचं बटण फिरवताना डोळ्यांत पाणी. स्टिअरिंग धरायला लागली की शेजारी बसलेली शिकाऊ बाईच तिची कीव करायची, आणि कीव हा प्रकार हेमलताला दुखण्याहून जास्त झोंबायचा. गेल्या काही महिन्यांत ती मूठ पुन्हा मिटायला लागली होती. ‘शमिका’ नावाच्या औषधाची ती करामत होती.

दुसरी भाकरी तव्यावर पडली आणि दारात चपला वाजल्या. विमलवन्सं आल्या. तिच्या नवऱ्याची, उत्तमरावांची, ही थोरली बहीण गल्लीच्या टोकाला राहायची आणि दर सोमवारी भावासाठी स्वतःच्या हातच्या खिचडीचा डबा घेऊन यायची. साबुदाणा असा मोकळा, की दाणा दाण्याला विचारत नाही. साऱ्या पाटणात त्या खिचडीचं नाव होतं, आणि वन्संच्या जिभेचंही.

“भाकरी गं कशापायी? सोमवार हाय नव्हं आज?”

“माझ्यापुरती आहे, वन्सं.”

“तेच म्हणती मी. नवरा उपाशी, आन् बायकू पिठलं-भाकरी हाणतीया.” वन्संनी कढईवरचं झाकण उचलून पाहिलं आणि नाक मुरडलं. “उत्तमचं गुडघं बघितलंस का? भोपळ्यावानी सुजल्यात. येवढं देवाचं करतोय तरीबी. आता घरात कुणी काय पाळतच न्हाय म्हणल्यावर त्याच्या एकट्याच्या उपासानं काय हुनार?”

उत्तमराव माजघरात पेपरामागे लपले. तालुक्याच्या वाचनालयात त्यांनी आयुष्य काढलं होतं. आवाज वाढला की पुस्तकात शिरायचं, हे त्यांना चांगलं जमायचं.

हेमलतानं ताट वाढून घेतलं. पिठलं, गरम भाकरी, फोडलेला कांदा. पहिला घास मोडणार, तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, “आन् ती गाडी सोड आता. बायाबापड्यांना कशाला नादी लावतीस? गाडी चालती आपली आपण. माणसानं गप बसावं.”

गप बसावं! हेमलतानं मोडलेली भाकरी ताटात टाकली, हात धुतला, शमिकाची गोळी पाण्याबरोबर गिळली आणि खुंटीवरची किल्ली घेतली. तेवढ्यात फोन किणकिणला. दर सोमवारी यायचा तोच प्रश्न: ‘आज पोट रिकामं आहे ना?’ “तुला काय करायचंय?” असं त्या फोनलाच सुनावून तिनं तो खिशात कोंबला.

“वाढलेलं ताट टाकून चाललीस व्हय?”

“झाकून ठेवा,” ती म्हणाली आणि गेली.

अन्नावर राग काढायची तिची सवय माहेरपासूनची. आई म्हणायची, “भाकरीनं काय तुझं घोडं मारलंय?” पण एकदा बिनसलं, की दिवस मावळला तरी हिच्या तोंडात घास जायचा नाही. रात्री उत्तमराव एकदा “जेवतेस का?” विचारायचे, एकदा “नाही” ऐकायचे. मंगळवारी सकाळी ती शिळी भाकरी ताकाबरोबर मुकाट्यानं खायची आणि कुणीच त्यावर काही बोलायचं नाही. नवरा-बायकोच्या अशा गोष्टी कोण कशाला डॉक्टरला सांगतं?

डॉक्टर होती मुक्ता केळशीकर. तिशीतली, भराभर बोलणारी, ‘निर्दाह’ कंपनीकडून आलेली. औषधाच्या चाचणीसाठी तालुक्यातले चाळीसएक संधिवाताचे रुग्ण तिनं मंगल कार्यालयात जमवले होते, आणि पहिल्याच दिवशी तिनं जे समजावलं ते हेमलताला इतकं पटलं होतं, की ती घरी येऊन उत्तमरावांना म्हणाली होती, “ही पोरगी माझ्याकडे आली असती तर आठवड्यात घाट चढवला असता.”

मुक्ता म्हणाली होती, “आपण खातो ते अन्न शरीरातल्या पेशी जाळतात. जाळलं की काहीतरी उरतंच, धूर म्हणा, राख म्हणा. शास्त्रज्ञ कित्येक वर्षं त्याला कचरा समजत होते. पण गल्लीत कुणाच्या घरातून धूर आला, की शेजारणीला कळतं ना, आत काय शिजतंय ते? तशा आपल्या रक्तातल्या राखणदार पेशी हा धूर हुंगतात आणि त्यावरून ठरवतात, स्वस्थ बसायचं की दंगा करायचा.”

मग तिनं दोन धूर सांगितले. पेशीत साखरेची भट्टी जोरात पेटली आणि तुंबली की सक्सिनेट साचतं. त्या वासानं राखणदार पेशींना वाटतं, शत्रू आला. मग सूज, लाली, ठणका. सांध्यात शत्रू बित्रू काही नसतो, पण ह्या आपल्याच घराला आग लावून मोकळ्या होतात. ह्याउलट पोट बराच वेळ रिकामं राहिलं, की शरीर चरबी जाळायला घेतं आणि त्यातून कीटोन तयार होतात. त्यांतला एक ह्याच पेशींच्या आतली धोक्याची घंटा दाबून धरतो. घंटा वाजली नाही की दंगा नाही.

“पण नुसत्या उपाशीपणानं होणारा कीटोन तुमच्या दुखण्याला पुरणार नाही. म्हणून हे शमिका. हे आतड्यात राहणारे जिवाणू आहेत. आठवडाभर ते झोपलेले असतात. ही गोळी त्यांना एक दिवस जागं करते. पोट रिकामं असलं, की ते कीटोन करतात, भरपूर.”

“आन् नसलं रिकामं तर?” मागून एका आजोबांनी विचारलं होतं.

“तर ते समोर येईल ते पिष्ट फस्त करतील आणि सक्सिनेट करतील. म्हणजे उलटाच कारभार. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फक्त पाणी.” सगळ्यांचे चेहरे उतरलेले बघून मुक्तानं गोड हसून तोडगा काढला होता. “अहो, तुम्हाला काय अवघड आहे? तुमचे सोमवार, गुरुवार असतातच. तुमचा जो उपवासाचा वार, त्याच वारी गोळी घ्या. वेगळं लक्षात ठेवायलाच नको!”

सगळ्यांना हायसं वाटलं होतं. हेमलतानं तेव्हाच सांगून टाकलं होतं, “मी देवासाठी उपास केला नाही, गोळीसाठी कशाला करू? मी घेईन नवऱ्याबरोबर सोमवारी, पण जेवीन.” मुक्तानं खांदे उडवले होते. प्रत्येकाच्या दंडाला एक पातळ पट्टी चिकटवली होती. रक्तातले हे दोन्ही धूर ती पट्टी मोजायची आणि थेट कंपनीच्या मुख्यालयात कळवायची. तिथं हिशेब माणसं करत नव्हती, एक संगणक करत होता.

त्या संगणकानं निकाल दिला. निकाल सांगायला मुक्ता बुधवारी संध्याकाळी स्वतः घरी आली.

“हेमाताई, पाटणचं केंद्र बंद होतंय. बाकी राज्यांतल्या केंद्रांवर औषध छान लागू पडलं, इथं उलटं. जे लोक ‘पोट रिकामं आहे’ म्हणून कळवतात, त्या सगळ्यांची सूज वाढलीय. तुम्ही एकट्या कधीच ‘हो’ म्हणाला नाहीत, आणि तुम्ही एकट्याच सुधारलात.” तिनं कपाळ चोळलं. “संगणक म्हणतो, इथल्या लोकांची जातकुळीच वेगळी असावी, रिकामं पोट ह्यांना बाधतं. सोमवारी सगळ्यांनी निवारक घ्यायचं आहे. त्यानं पोटातले जिवाणू मरून जातील, पण ते जागे असले तरच, म्हणून सकाळी गोळी घेऊनच या.”

“माझेसुद्धा?”

“सगळ्यांचे. नियम आहे.”

हेमलतानं आपल्या हाताकडे पाहिलं. मूठ मिटली, उघडली. “आणि मी नाही घेतलं तर?”

“परवानगी नसलेले जिवाणू अंगात बाळगणाऱ्याला हातानं गाडी चालवायचा परवाना देत नाहीत.” मुक्ताचा आवाज खाली आला. “तो आपोआपच रद्द होतो, ताई. मला काही करता येत नाही.”

म्हणजे घेतलं तर हात जाणार, आणि नाही घेतलं तर गाडी जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. उत्तमराव सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. म्हणाले, “माझं जाऊ द्या हो. माझ्यावर काही लागू पडलंच नाही. पण हिचं कशाला मारता?”

मुक्ता गेल्यावर हेमलता अंगणात जाऊन गाडीत बसली. इंजिन चालू न करता तिनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट आवळलं. पुन्हा कुणी शेजारी बसून आपली कीव करणार, ह्या विचारानं तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच संताप आला. “नाही घेत,” ती मोठ्यानं म्हणाली. “काय करायचं ते करा.”

सोमवारी कंपनीची आपोआप चालणारी गाडी दारात आली. हेमलतानं तिला परत पाठवलं आणि नवऱ्याला आपल्या गाडीत घालून मंगल कार्यालय गाठलं. निवारक न घेण्याचं तिनं ठरवलंच होतं. पण तोंड चुकवून घरी बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. नाही म्हणायचं तर समोर जाऊन.

कार्यालयात जेवणावळीचं वातावरण होतं. श्रावणी सोमवार, लांबलांबच्या वाड्यांवरून आलेली उपवासाची माणसं. त्यांच्या फराळाची सोय कंपनीनं विमलवन्संकडे दिली होती. वन्सं पदर खोचून उभ्या होत्या. दोन मोठी पातेली खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू. सकाळी गोळी घेऊन आलेली माणसं भक्तिभावानं ताटावर बसली होती. फोननं ‘पोट रिकामं आहे ना?’ विचारलं, की खरकटं बोट पुसून ‘हो’ दाबत होती. त्यात लबाडी मुळीच नव्हती. उपवासाच्या दिवशी उपवासाचं खाल्लं तर पोट भरलं असं कोण म्हणतं? मुक्ताही एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात खिचडीची बशी घेऊन फिरत होती. तिचाही सोमवार होता.

हेमलतानं अर्थातच ताट घेतलं नाही. ती सकाळपासून रागावलेली होती. उत्तमरावही तिच्याशेजारी नुसते बसून राहिले.

“तुम्ही जा की. वन्संची खिचडी आहे.”

“नाही गं,” ते म्हणाले. “तुझ्या हाताचं असं होणार म्हटल्यावर घास उतरायचा नाही.”

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी खिचडीला नाही म्हटल्याचं तिला आठवेना.

फराळ उरकत आला तशी मुक्ता व्यासपीठावर चढली. “तुमच्यापैकी काहीजणांना वाटतं, की कंपनी उगाच बंद करतेय. म्हणून आज मी तुमच्या पट्ट्यांवरचे रंग उघडते. आजवर ते फक्त मुख्यालयाला दिसायचे. हिरवा म्हणजे कीटोन, शांत. नारिंगी म्हणजे सक्सिनेट, दाह. तुम्हीच बघा.”

तिनं फोनवर बोट ठेवलं आणि सभागृहभर दंडादंडांवर नारिंगी उजेड पडला. बायाबापड्या एकमेकींचे दंड बघून चुकचुकल्या. मागच्या कोपऱ्यात दोनच पट्ट्या हिरव्या होत्या. एक हेमलताची.

दुसरी उत्तमरावांची.

“तुमची हिरवी कशी?” हेमलता पुटपुटली. उत्तमराव गोंधळून दंडाकडे बघत राहिले. तेवढ्यात विमलवन्सं ताट घेऊन आल्याच. “आरं, पोटात काय न्हाय तुझ्या. तोंड बघ कसं झालंय. चक्कर यील.” त्यांनी भावाच्या तोंडासमोर चमचा धरला, आणि थोरल्या बहिणीपुढं कधी नाही म्हणायची सवय नसलेल्या उत्तमरावांनी तोंड उघडलं. एक चमचा, दुसरा, मग ताटच हातात घेतलं.

व्यासपीठावर मुक्ता आकडे सांगत होती. हेमलताचं तिकडे लक्ष नव्हतं. ती नवऱ्याचा दंड बघत होती. ताट संपलं. हिरव्यात आधी पिवळसर झाक आली. मुक्ताचं बोलणं आटोपून निवारकाच्या गुलाबी बाटल्या वाटायला सुरुवात झाली, तोवर पट्टी नारिंगी झाली होती.

हेमलता उभी राहिली. घाटात गाडीला हाक मारावी तशी तिनं हाक मारली.

“डॉक्टरबाई! ही माणसं उपाशी आहेत?”

“हो, ताई. सकाळपासून. सगळ्यांनी कळवलंय तसं.”

“आणि ही ताटं कुणी चाटूनपुसून ठेवलीत? उंदरांनी?”

मुक्ता म्हणाली, “तो फराळ...” आणि थांबली. तिनं आपल्या हातातल्या बशीकडे पाहिलं. बशीत दोन दाणे आणि मिरचीचा तुकडा उरला होता.

“साबुदाणा म्हणजे दुसरं काय हो? नुसतं पिष्ट. तुम्हीच शिकवलंत. वर बटाटा, वर राजगिरा, वर गूळ. गोळीनं जागे केलेले तुमचे जिवाणू रोज मिळत नाही इतकं खातायत! एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालासुद्धा माहीत आहे, आणि एवढ्या मोठ्या संगणकाला कुणी सांगितलं नाही?”

“संगणकाला काय, मलाच...” मुक्ता खुर्चीवर बसली. “मी लहानपणापासून... माझ्या डोक्यात आलंच नाही. फराळ म्हणजे खाणं असं कधी वाटलंच नाही.”

“कुणालाच वाटत नाही. मलाही आत्ता वाटलं.”

विमलवन्संचा चेहरा लाल झाला होता. “म्हंजी माझ्या खिचडीनं माणसं सुजली म्हनतीस? देवाला चालती ती, आन् ह्या गोळीला चालत न्हाय?”

“देवाचं पोट मोठं असतं, वन्सं.”

मुक्ता उठून जवळ आली. “पण हेमाताई, तुम्ही तर म्हणाला होता, मी सोमवारी जेवीन. मग तुमची पट्टी दर सोमवारी हिरवी कशी?”

उत्तमरावच मधे पडून हळूच म्हणाले, “ती वाढून घेते. जेवत नाही.”

“का?”

“रागावते.” त्यांनी बहिणीकडे चोरून पाहिलं. “दर सोमवारी अक्का येते ना.”

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं सभागृह हसलं. हसताना नारिंगी दंड हलत होते. वन्सं तेवढ्या हसल्या नाहीत.

मुक्तानं तिथूनच मुख्यालयाला फोन लावला. बराच वेळ ती बोलत होती, मग नुसती ऐकत होती. फोन ठेवून म्हणाली, “ते म्हणतात, निर्णय झालाय. आज निवारक द्या, तुमचं म्हणणं अहवालात लिहा, पुढं बघू.”

“पुढं काय बघणार? पोटातलं मारल्यावर?” हेमलता टेबलापाशी गेली. तिच्या नावाची बाटली तिनं उचलली आणि परत खोक्यात ठेवली. “मी घेत नाही. परवाना काढून घेताय? या घ्यायला. पण घाटात धुकं असताना या, म्हणजे कोण कुणाला आणून सोडतं ते कळेल.”

हेमलताचं ठीक होतं, तिला भांडायची सवय होती. बाकीची माणसं डॉक्टरला ‘नाही’ म्हणणारी नव्हती. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. उत्तमराव गुडघ्यावर हात दाबून उठत होते. उठायला त्यांना वेळ लागला. लंगडत ते टेबलापर्यंत आले आणि आपली बाटली त्यांनी बायकोच्या बाटलीशेजारी ठेवली.

“मी कधी कुणाला नाही म्हटलेलं नाही,” ते म्हणाले. त्यांचा आवाज वाचनालयातल्यासारखाच हळू होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “आज म्हणतो. पुढच्या सोमवारी मी पाण्याशिवाय काही घेणार नाही. महादेवाला त्यात वावगं वाटायचं कारण नाही. जुनी माणसं तसंच करत होती. आणि तरी माझी पट्टी नारिंगी झाली, तर मी स्वतः ही बाटली पिईन.”

मग मागचे आजोबा उठले. मग मोरगिरीच्या दोघी जावा उठल्या. बाटल्या एकामागून एक खोक्यात परत पडू लागल्या. शेवटी मुक्तानं खोक्याचं झाकण लावलं आणि फोनवर लिहून टाकलं: ‘सर्व सहभागींचा नकार. मी त्यांच्याशी सहमत आहे.’ आणि लगेच पाठवलं.

मुख्यालयाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. एक सोमवार मिळेल; मात्र रविवारी रात्रीपासून सगळ्यांना कंपनीच्या वसतिगृहात ठेवलं जाईल, कारण ‘सहभागींच्या सांगण्यावर विसंबता येत नाही’. हेमलतानं ते वाचलं आणि मुक्ताला म्हणाली, “त्यांना लिहा, आम्ही चोर नाही. आम्ही आमच्या घरात उपाशी राहू. पट्ट्या आहेत ना दंडावर? आणि रंग उघडेच ठेवा. आमच्या अंगातली बातमी आधी आम्हाला कळली पाहिजे.” मुक्तानं शब्दही न बदलता ते लिहिलं. त्यावर उत्तर आलं नाही, आणि रंगही कुणी बंद केले नाहीत.

पुढच्या सोमवारी जगदाळ्यांच्या घरी चूल थंड होती. उत्तमराव सकाळपासून पुस्तक धरून बसले होते. पानं उलटत होते पण वाचत नव्हते. विमलवन्सं आल्या त्या हात हलवत. डबा नाही, टोमणा नाही. भिंतीला टेकून बसल्या. हेमलताला त्या अचानक म्हाताऱ्या दिसल्या.

“वन्सं, काहीतरी बोला.”

“काय बोलू? माझ्या हातानं भावाला इख घातलं येवढं दिस.”

“माहीत नव्हतं तुम्हाला. कुणालाच नव्हतं.”

वन्संनी डोळ्याला पदर लावला. आणि हेमलताला भलतीच अडचण जाणवली: तिला राग येईना. राग नाही म्हटल्यावर भूक लागली. आणि अशी भूक, की आयुष्यात कधी लागली नव्हती. दुपारपर्यंत तिनं पाणी पिऊन पिऊन पोट नगाऱ्यासारखं केलं. डोळ्यांपुढं नुसतं पिठलं दिसत होतं.

संध्याकाळी उत्तमरावांनी हाक मारली. “हेमा, इकडं ये. अक्का, बघ.”

पट्टी हिरवी होती. साधीसुधी नाही, भाताच्या रोपासारखी हिरवीगार. पाठोपाठ फोन वाजू लागले. मोरगिरीच्या जावा, ते आजोबा, आणि मग मुक्ता; ती काय बोलत होती ते कळत नव्हतं, कारण ती रडत होती. मुख्यालयाच्या संगणकानं, कुणाची क्षमा न मागता, पाटणचं केंद्र ‘चालू’ दाखवलं होतं. उत्तमराव उठून खोलीत उगाचच एक फेरी मारून आले. गुडघा काही एका दिवसात बरा होणार नव्हता, पण ते चालले.

तेवढ्यात घाटातून निरोप आला: धुकं उतरलंय, गाड्या अडकल्यात, एकीत आजारी मूल आहे. हेमलतानं किल्ली उचलली.

“मीबी येती,” वन्सं म्हणाल्या. “चूल नसलेल्या घरात बसवंना मला.”

गाडी हेळवाक ओलांडून वर निघाली. धुकं काचेला चिकटत होतं. वळणावरच्या टपरीत कांदाभजी तळणं चालू होतं. तो वास खिडकीतून आत शिरला आणि हेमलताचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. एक भजं. एका भज्यानं काय होणार? मंगळवार उजाडायला अजून पुष्कळ वेळ होता, आणि तिच्या सगळ्या हट्टाला पहिल्यांदाच भगदाड पडत होतं. गाडी टपरीसमोर जवळजवळ थांबली.

वन्सं दोन्ही हातांनी दाराचं हँडल धरून बसल्या होत्या. पुढं धुक्यात अडकलेल्या आपोआप गाड्यांचे दिवे एका रांगेत लुकलुकत होते. ते बघून वन्संना कंठ फुटला.

“आगं, थांबतीयास ती थांबच आता! बघ की, शानी गाडी कशी गप हुबी ऱ्हायलीया. धुक्यात कशाला मरायला जायाचं? बाईमाणसानं येवढा हट्ट करू नये, माणसानं गप बसावं...”

हेमलताचे कान तापले. आठवडाभरात इतका झकास राग तिला आला नव्हता. भजी, पिठलं, भाकरी, सगळं कुठल्या कुठं पळालं. तिनं स्टिअरिंग दोन्ही मुठींत आवळलं; बोटं शेवटच्या पेरापर्यंत मिटली. पाय ब्रेकवरून उठला आणि गाडी उभ्या असलेल्या रांगेला वळसा घालून, हॉर्न वाजवत, धुक्यात शिरली.

“बोला, वन्सं,” ती म्हणाली. “सकाळपर्यंत थांबू नका.”